वजनावर घेतलेलं लुगडं

आमच्या घरात पहिलं रेशीम आलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ते घेताना मी एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि मी गप्प बसले. त्याला आता पन्नासावर वर्षं झाली. लिहिणं मी फार उशिरा शिकले, नातीच्या पाटीवर, तिच्याच शेजारी बसून. तेव्हापासून मनात होतं की लिहायचं तर हेच. ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागली असती ती माणसं गेली आहेत, तेव्हा माझं धाडस म्हणायचं तर एवढंच आहे.

नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला आमचं गाव. काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राबणारं कुणब्याचं घर. घरात बाबा, माय, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं सासर अकोल्याला होतं. नवरा पटकीनं गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून बाबांनी तिला परत आणलं. तेव्हा ती तेवीस-चोवीस वर्षांची असेल. मायचा दिवस शेतात जायचा, त्यामुळे आम्हा दोघींना जेवू घालणं, उवा काढणं, वेणी घालणं हे सगळं आत्याकडे होतं. माय वेणी घालायची तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं. आत्या घालायची तेव्हा झोप यायची.

त्या वर्षांत सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस बंद पडला होता, असं लोक सांगायचे. आम्हाला त्यातलं एवढंच दिसलं की अमरावतीच्या बाजारात आमच्या कापसामागे माणसं धावायला लागली. ज्यांच्या अंगावर धड बंडी नव्हती त्यांच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. बाबांचं बोलणंही बदललं. पूर्वी ते बैल, तण आणि आभाळ यांपलीकडे बोलत नसत. आता दिवसातून दहा वेळा त्यांच्या तोंडी 'इज्जत' यायची.

कापसाची गाडी भरताना त्यावर पाणी शिंपडायचे. ही काही चोरून करायची गोष्ट नव्हती, सगळं गावच शिंपडायचं, कारण ओला कापूस वजनाला भरतो. पण पाणी जास्त झालं की दलालाच्या मुठीला कळतं आणि कमी झालं की मेहनत फुकट जाते. आमच्या घरी हे काम आत्याचं. ती कडुलिंबाची डहाळी तांब्यात बुडवून एकेक थर शिंपत जायची, मधूनच मूठभर कापूस दाबून पाहायची आणि मान हलवायची. तिनं शिंपलेला कापूस कधी कोणी पकडला नाही. बाबा चारचौघांत म्हणायचे, "माह्या बहिणीच्या हाताले तोड नाही."

अशा घरात बहिणीचं लग्न ठरलं, आणि तेही अकोल्याकडच्या एका देशमुखांच्या घरी. कापूस नसता तर त्या मंडळींनी आमच्या अंगणात पाऊल ठेवलं नसतं. त्यांनी फार काही मागितलं नाही. फक्त निरोप धाडला की मुलगी मांडवात सुती लुगड्यात उभी राहता कामा नये. आमच्यात नवरीला मामानं आणलेलं, हळदीनं पिवळं केलेलं सुती लुगडं नेसवायचे. माय त्यातच ह्या घरात आली होती. त्या निरोपाचा बाबांना राग यायला हवा होता. उलट त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच दिवसांत घरात आणखी एक बोलणं चाललं होतं. चांदूरकडचा एक बिजवर शेतकरी आत्याशी पाट लावायला तयार होता. कापसाच्या गाड्यांबरोबर त्याची बाबांशी ओळख झाली होती. विधवेनं पाट लावणं आमच्यात नवं नव्हतं. बाबांच्या सख्ख्या मावशीनं लावला होता आणि तिची मुलं आमच्या घरी हक्कानं जेवून जात. पण देशमुखांच्या घरात पाट चालत नसे, आणि ज्या घरात पाट लागतो तिथली मुलगीही त्यांना चालली नसती. बाबा कात्रीत सापडले. शेवटी ते आत्याला म्हणाले, "आधी पोरीचं लगन नीट पार पडू दे. एकदा का ते लोक आपले झाले, मंग कोन काय म्हणते? मी सोता बसतो तुह्या पाटाले."

दुसऱ्या दिवसापासून आत्या दळताना ओव्या म्हणायला लागली. त्याआधी दोन वर्षं तिच्या जात्याचा नुसता घरघराट ऐकू यायचा. बहिणीचं लग्न सुरळीत पार पडलं तरच आत्याचं घर उभं राहणार होतं, हे मला नवव्या वर्षीही नीट कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

माघात आम्ही लुगडं घ्यायला अमरावतीला गेलो. गाडीत आम्ही चौघं, आणि वाटेतल्या भाकरीसाठी बरोबर आत्या. परकोटाच्या आत कापडाची दुकानं होती. रस्ता कापसाच्या गाड्यांनी तुंबलेला, हवेत तंतू उडत होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. दुकानाशी आलो तशी आत्या आपण होऊन पायरीवर थांबली. लग्नाच्या लुगड्याला तिचा हात लागू द्यायचा नाही, हे कोणाला बोलून दाखवावं लागलं नाही. समोर कासाराचं दुकान होतं, तिथे हिरव्या बांगड्यांच्या माळा टांगल्या होत्या. आत्या त्यांच्याकडे बघत बसली.

आत दुकानदारानं आम्हाला गादीवर बसवलं, पान दिलं आणि बाबांना 'पाटीलसाहेब' म्हणाला. बाबा पाटील नव्हते. त्यांनी तसं सांगितलं नाही.

लुगड्यामागून लुगडं उलगडलं. मायला एक मोरपंखी आवडलं होतं, इतकं मऊ की घडीत राहायला तयार नव्हतं. बहिणीला कोणी विचारलं नाही. बाबांना रेशमातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तसं कबूल करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. कापसाच्या माणसाला एकच माप ठाऊक. ते प्रत्येक लुगडं तळहातावर घ्यायचे, डोळे मिटून हात खाली-वर करायचे आणि बाजूला ठेवायचे. मोरपंखी हातावर घेऊन ते म्हणाले, "हे तं नुसती हवा हाय." दुकानदार त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघत होता. तो उठून आतल्या खोलीत गेला आणि एक डाळिंबी पैठणी घेऊन आला. जरीचा रुंद पदर, त्यावर पोपट, आणि रंग असा की डोळा हलू नये.

"हे जरा जड हाय, पाटीलसाहेब," तो म्हणाला. "सगळ्याइले नाही झेपत."

बाबांनी ते हातावर घेतलं. हात खाली गेला आणि बाबांचा चेहरा उजळला.

मी कंटाळून बाहेर आले. आत्यानं दारातून सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, "ते लाल लुगडं उलगडलं तवा पाह्यलं काय तुनं? रेशीम कसं खाली पडाले पायजे. ते तं उभंच राह्यलं." मला काही कळलं नाही. तिनं मला जवळ ओढलं. "आपून कापसाले पाणी पाजतो ना, तसा त्याले गोंद पाजला हाय. जुनं लुगडं हाय ते, कोनाच्या तरी पेटीतलं. खळ देऊन नवं करून ठेवलं. बोट वलं कर अन् घडीवर दाब. चिकटलं तं बाबाले सांग, हे घेऊ नोका, घडीवर फाटन. आत्यानं सांगतलं म्हणजो. त्याले पटन."

मी आत गेले. बोट तोंडात घालून ओलं केलं आणि लुगड्याच्या घडीवर दाबलं. ते चिकटलं. सोडवताना डिंकाची ओढ लागली आणि नखापाशी लाल रंग आला. दुकानदारानं ते पाहिलं. शेजारच्या गठ्ठ्यातून त्यानं जांभळ्या रेशमाचा एक खण काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि बाबांकडे बघून हसला. "एवढं मोठं लुगडं घेऊन राह्यले तुमी. लहानीले आमच्याकून चोळीचा खण."

मला तोवर कोणी रेशीम दिलं नव्हतं. बाबा आता उठून गेले तर हा खण परत ठेवावा लागेल, हे पहिलं मनात आलं. दुसरंही आलं. कित्येक महिने घरात बहिणीशिवाय विषय नव्हता. तिचं लुगडं फाटलं तर फाटू दे, असं मला वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते हेच. मी खण दोन्ही हातांत घट्ट धरून बसले आणि दुकानदारानं डाळिंबी लुगडं बांधून बाबांच्या हाती दिलं.

परतीआधी ते अंबादेवीच्या पायाला लावून आणलं. गाडीत माय आणि बहीण पेंगत होत्या, बाबा पुढे बसून बैल हाकत होते. आत्या माझ्याकडे वाकली.

"चिकटलं काय?"

"हो."

"बाबाले सांगतलं?"

"हो."

"माह्यं नाव सांगतलं?"

"हो."

"मंग?"

"काई नाही बोलले."

आत्या बाबांच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्याले माह्या हाताचा इसवास नाही राह्यला आता." माझी वेणी सुटली होती, ती तिनं पुन्हा घातली.

वैशाखात लग्न झालं. ऊन असं की मांडवाच्या डहाळ्या सकाळीच माना टाकून बसल्या. देशमुखांकडच्या बायका आल्या, त्यांच्या अंगावरचं रेशीम चालताना वाजत नव्हतं, हे मी तेव्हा पाहून ठेवलं. नवरीला नेसवायला आतल्या खोलीत माय, दोन मावश्या आणि स्वतः विहीणबाई. आत्याला चुलीपाशी बसवलं होतं. मला खणाची चोळी शिवली होती, ती घालून मी कोपऱ्यात उभी होते.

मायनं पेटीतून लुगडं काढलं आणि झटकलं. ते नीट उलगडेना. घडीला घडी चिकटली होती. माय जोर लावून ओढायला लागली, तेवढ्यात आत्या दारात आली. का आली ते मला माहीत आहे. भावानं ऐकलं नाही, निदान भावजय ऐकेल, असं तिला वाटलं असणार. ती पुढे झाली, तिनं लुगड्याची घडी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "वयनी, हे वढू नोको. घडीवर जाईन ते. मामाचं पिवळं नेसव पोरीले."

विहीणबाईंनी आत्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि मग तिच्या हातांकडे. मायनं आत्याचे हात बाजूला केले. "जा वो बाई, तू चुलीपाशी जा." मायच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. आत्या गेली. लुगडं नेसवलं गेलं, कासोटा ताणून खोचला गेला.

मांडवात बहीण घामानं भिजली तसा लुगड्यातून डिंकाचा वास यायला लागला. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. मला वाटलं की निभावलं. मग तिला पाटावर बसायला सांगितलं. तिनं गुडघे वाकवले आणि मांडीवर लुगडं फाटलं. आवाज अगदी लहान होता, वाळलेलं पान चुरगळल्यासारखा. तिनं सावरायला हात लावला तर तिथेही फाटलं. जिथे जिथे घडी होती तिथे तिथे सरळ रेघेत ते जात होतं. बारा वर्षांची पोर, तिनं दोन्ही हातांनी मांड्या झाकल्या आणि भरल्या मांडवात रडायला लागली.

"रांडव बाईचा हात लागला होता त्याले," विहीणबाई म्हणाल्या. "आमी आपल्या डोयानं पाह्यला."

आत्याला बोलावलं. ती मांडवाच्या कडेला उभी राहिली, हाताला पीठ तसंच. बाबांनी विचारलं, "तुनं हात लावला काय?"

"लावला."

"काहून?"

आत्यानं बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली असती की लुगडं खोटं आहे आणि हे मी माघातच कळवलं होतं, तर साऱ्या देशमुखांपुढे उघड झालं असतं की बापानं जाणूनबुजून पोरीला जुनं लुगडं नेसवलं. अक्षता पडल्या होत्या तरी त्यांनी पोरीला नेलं नसतं. बाबांना सगळं ठाऊक होतं असं तिला वाटत होतं, कारण गाडीत मी तिला तसं सांगितलं होतं. ती भावाची अब्रू राखत होती.

"चुकलं," ती म्हणाली.

मी बोलू शकले असते. दोन हातांवर उभी होते. चोळीच्या गाठीशी चाळा करत मी खाली बघत राहिले. ती चोळी खऱ्या रेशमाची होती, तिला काही झालं नव्हतं.

बहिणीला मामाचं पिवळं लुगडं नेसवून राहिलेले विधी उरकले. तेही घरात तयारच होतं, मामानं रीत म्हणून आणलेलं. देशमुखांची समजूत काढायला बाबांनी मांडवातच शब्द दिला की ही बाई आमच्या घरात राहणार नाही आणि तिचा पाट लागणार नाही. तिसऱ्या दिवशी अकोल्याहून आत्याचा दीर तिला न्यायला आला. त्याच्या घरी चार पोरं आणि आजारी बायको होती. फुकटची कामाला बाई मिळाली म्हणून तो खुशीत होता. चांदूरच्या माणसानं महिन्याभरात दुसरीकडे जमवलं. जिच्या हातानं रेशीम फाटतं ती बाई कोणाला हवी होती? निघायच्या आधी आत्यानं माझी वेणी घातली. तिचा हात नेहमीसारखाच हलका होता. मी मात्र त्या दिवशी झोपले नाही, नुसती रडले, आणि सगळ्यांना वाटलं की माझा आत्यावर फार जीव आहे. जीव होताच. तेच तर वाईट आहे.

बहिणीचा संसार चांगला झाला. मुलं झाली, सुना आल्या, नवरा तिच्या शब्दाबाहेर नव्हता. इतकं सगळं सुखाचं झालं तरी 'तो अपशकुन खोटा होता' असं कोणाच्या तोंडून निघालं नाही. पुढे तिकडची लढाई संपली आणि कापसाचे दिवस ओसरले. आत्या गेल्यावर बाबांनी स्वतः कापसावर पाणी शिंपलं, तर पहिल्याच खेपेला दलालानं मूठ दाबून गाडी परत पाठवली. बाबा घरी येऊन म्हणाले, "तिचा हात पायजे होता." माय उठून आत गेली.

बाबा थकले, अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी आत्याला तीनदा निरोप धाडला. ती आली नाही. मी चांदूरकडे दिलेली, बापाचं करायला माहेरी आले होते. शेवटच्या आठवड्यात ते रोज विचारायचे, "बाई आली काय?" मी नाही म्हणायची. एकदा त्यांना पेज भरवत होते, तेव्हा म्हणाले, "तिनं त्या लुगड्याले हात काहून लावला, हे मले अजूनबी समजलं नाही. तिले अक्कल होती. तिनं काहून लावला?" मी त्यांचं तोंड पुसलं. त्या वेळी तरी सांगायचं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. पण मरणाऱ्या माणसाला काय सांगू, की बहिणीला तुम्ही विनाकारण काढलंत आणि त्यात माझा हात होता? ते तसेच गेले.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी मी आगगाडीनं अकोल्याला गेले. आत्याच्या दिराचं घर नदीच्या अंगाला होतं. दीर गेला होता, त्याच्या मुलांनी तिला मागची पडवी दिली होती. ती अंगणात बसून सरकी वेचत होती. हात सुरकुतले होते, पण बोटं पूर्वीसारखीच चालत होती. मला ओळखून तिनं आधी माझ्या डोक्याला हात लावला, आणि म्हणाली, "वेणी ढिली घालतं तू."

मी ठरवून गेले होते. गाडीत सगळं वाक्य जुळवलं होतं. पण आधी तीच बोलली.

"एक इचारतो तुले," ती म्हणाली. "खरं सांगजो. त्या दिवशी दुकानात तुनं माह्या भावाले सांगतलं होतं ना? माह्यं नाव घेऊन?"

मी तिच्या सुपातली सरकी वेचायला लागले.

"नाही, मी काहून इचारतो," ती सरकीवरून नजर न उचलता म्हणाली. "त्याले ठाऊक होतं अन् तरी त्यानं मले मांडवात उभं केलं, ह्याच रागात मी जगली. तो मराले टेकला तरी गेली नाही. तीन सांगावे आले. आता म्हातारपणी कधी कधी वाटते का पोट्टीनं सांगतलंच नसन तं? मंग मी लय मोठं पाप करून बसली."

खरं सांगितलं असतं तर माझ्या मनावरचं ओझं उतरलं असतं आणि तिच्या डोक्यावर गेलं असतं. मला त्या क्षणी असं वाटलं, आणि आजही मी स्वतःला तसंच समजावते. पण नऊ वर्षांच्या पोरीची ती जुनी भीतीही तेव्हा माझ्या पोटात होती, तीही मी नाकारत नाही. कोणत्या कारणानं बोलले ते मला आजही वेगळं करून सांगता येत नाही.

"सांगतलं होतं, आत्या," मी म्हणाले. "तुह्यं नाव घेऊन सांगतलं होतं."

तिनं मान हलवली, कापूस दाबून पाहिल्यावर हलवायची तशी. मग सूप बाजूला ठेवून उठली.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. "चाल, भाकर खाऊन घे."

तिनं चूल पेटवली, भाकर थापली, वर मिरचीचा ठेचा दिला. मी तिच्यासमोर बसून ती सगळी भाकर खाल्ली.